छोट्या कॉलेजने कॉन्फरन्स बदलण्याआधी काय तपासावे

अमेरिकेत कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या डिव्हिजन ३ या स्तरात क्रीडा शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे नव्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात नियमित सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, हिशेब बहुतेक प्रवास आणि वर्गातल्या हजेरीवर येतो. नकाशा आधी उघडा. प्रत्येक सभासद कॉलेज बसने किती तासांवर आहे ते लिहा. मुक्काम लागणारे सामने वेगळे मोजा, कारण हॉटेल आणि बुडालेले तास तिथेच वाढतात.

मग खेळांची यादी जुळवा. सांघिक खेळात राष्ट्रीय स्पर्धेची थेट जागा मिळायला कॉन्फरन्समध्ये तो खेळ खेळणारी किमान ६ सभासद कॉलेजे लागतात. नेमकी ६ असतील तर एकाने संघ बंद करताच ती जागा धोक्यात येते. ८ असलेली बरी. तुमचा एखादा खेळ तिथे नसेल, तर त्या खेळापुरते दुसऱ्या कॉन्फरन्सचे सहसभासदत्व मिळेल का, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या. बरेच जण इथेच चुकतात.

मोठ्या सभासदसंख्येचा मोह आवरा. बास्केटबॉलच्या नियमित हंगामात २५ सामने खेळता येतात. १० संघ प्रत्येकाशी दोनदा खेळले तर १८ होतात, ७ मोकळे. १४ संघांत २६ होतात, म्हणजे ते वेळापत्रक बसतच नाही आणि गट पाडावे लागतात. विषम संख्येत दर फेरीला एक संघ रिकामा बसतो.

ताकदीचा मेळही पाहा. सेंट थॉमस विद्यापीठाला मिनेसोटाच्या एमआयएसी या कॉन्फरन्सने २०१९ मध्ये बाहेर काढायचे ठरवले, कारण बाकीच्यांना तिथली स्पर्धा एकतर्फी वाटू लागली होती.