एर्गोमीटर सायकलवरील वॅटचा आकडा खरा कसा ठेवावा
घर्षण-पट्ट्याच्या एर्गोमीटर सायकलवर (जड चाकावर घासणाऱ्या पट्ट्याने अडथळा देणारी, शक्ती मोजण्याची स्थिर सायकल) शारीरिक शक्ती मोजताना पट्ट्याचा ताण आणि पायडलचा वेग या दोनच गोष्टींवर सारा हिशेब उभा असतो. मोनार्क कंपनीच्या प्रचलित सायकलींत पायडलच्या एका फेऱ्यामागे जड चाकाची कड 6 मीटर अंतर कापते. म्हणून 2 किलोचा ताण ठेवून मिनिटाला 60 फेरे मारल्यास सुमारे 118 वॅट शक्ती भरते, आणि फेरे 55 वर आले की तोच आकडा 108 पर्यंत घसरतो. फेऱ्यांचा वेग स्थिर राहावा यासाठी मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे साधन) अवश्य लावावा. चाचणीपूर्वी पट्टा पूर्ण सैल करून, डोळे ताण दाखवणाऱ्या काट्याच्या अगदी समोर आणून, तो काटा म्हणजेच लंबक शून्यावर आहे का ते पाहावे आणि शक्यतो माहीत असलेले वजन टांगून मोजपट्टीवरील खूणही पडताळावी. पट्टा तापला की घर्षण बदलते व काटा नकळत सरकतो, याकडे फार वेळा दुर्लक्ष होते. तेव्हा दर मिनिटाला काटा पाहून ताण पुन्हा जुळवावा. बैठकीची उंची, पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी ठेवून, नोंदवून ठेवावी. व्यायामशाळेतील साध्या सायकलींचे आकडे पुष्कळदा अंदाजी असतात, त्यामुळे प्रगती नेहमी एकाच सायकलवर मोजावी.