युरियाची गोणी उचलण्याआधी विहिरीचं पाणी मोजा

उन्हाळ कांद्याची रोपं लागणीला येत चालली आहेत. येत्या काही दिवसांत घरोघर खताची यादी निघेल, आणि त्या यादीत युरिया गेल्या वर्षी होता तितकाच धरला जाईल. यंदा यादी करण्याआधी एक काम करा. विहिरीतल्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे विरघळलेलं नत्र (नायट्रोजन), किती आहे ते मोजून घ्या. पावसाळ्यात खरिपाचं खत, उकिरड्याचा पाझर, शोषखड्ड्याचं पाणी असं सगळं मुरमातून झिरपून विहिरीत उतरलेलं असतं. पाणी दिसायला काचेसारखं निवळ आणि चवीला गोड, पण नत्र भरपूर. पिकाला ते पाण्याच्या प्रत्येक पाळीला मिळत राहतं, आपल्या हिशेबात मात्र येत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याची नोंद आहे. जास्त बाधित जिल्ह्यांत आपले वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळही आहेत. तुमचा जिल्हा त्यात नसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून आणि मुरमाच्या थरातून फिरतं, त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींची रीडिंग एकमेकींशी जुळत नाहीत. शेजाऱ्याच्या आकड्यावर आपलं खत ठरवू नका.

आमच्या शेतकरी गटाकडे हातात मावेल एवढा कलरीमीटर, म्हणजे पाण्याचा रंग मोजून आकडा दाखवणारं मशीन, आहे. काम साधं आहे. पाण्याच्या नमुन्यात मशीनसोबतची रसायनाची पुडी टाकली की आधी नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि मग त्याला रंग चढतो, काही पुड्यांत पिवळट तांबूस, काहींत गुलाबी. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. पण हा आकडा बराचसा तुमच्या हातावर अवलंबून असतो. एकदा पुतण्याने कुपी दोन-चार वेळा हलवून ठेवून दिली, रीडिंग आलं लिटरमागे ३१ मिलिग्रॅम. त्याच बाटलीतलं पाणी मी घेतलं, मोबाइलवर वेळ लावली, पूर्ण मिनिटभर जोरात हलवलं आणि पाच मिनिटं थांबलो. आकडा ५२. पुडीतला धातूचा कण पाण्यात नीट फिरला नाही तर सगळं नायट्रेट बदलतच नाही. तुमच्या पुस्तिकेत जितकी मिनिटं लिहिली असतील तितकीच पाळा, अंदाजाने नको. तळाशी थोडा गाळ उरतो, त्याची काळजी नको.

मोजण्याआधी मशीन शून्यावर आणताना (झीरो करताना) त्याच विहिरीचं पुडी न टाकलेलं पाणी वापरा, म्हणजे पाण्याचा स्वतःचा रंग वजा होतो. कुपी बाहेरून मऊ कोरड्या फडक्याने पुसा, कारण बोटाचा ठसाही मशीनला रंगच वाटतो. फ्रीजमधून काढलेला नमुना लगेच लावला तर काचेवर दव धरतं आणि रीडिंग चुकतं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या. मशीनच्या कमाल मर्यादेला आकडा टेकला तर तो खरा मानू नका. एक भाग नमुना आणि चार भाग बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, आलेल्या रीडिंगला पाचने गुणा. खारवट विहिरीत क्लोराइड जास्त असलं तर काही पुड्या आकडा कमी दाखवतात, तिथेही असंच पातळ करून एकदा पडताळा.

नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी नको. गेल्या वर्षी मी आळस करून ठिबकच्या फिल्टरपुढच्या नळातून पाणी भरलं आणि आकडा आला १४०. विहिरीत काहीतरी भयंकर झालंय म्हणून दिवसभर डोकं धरून बसलो. संध्याकाळी आठवलं, सकाळीच व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे खत सोडलं होतं. म्हणून नमुना नेहमी व्हेंचुरीच्या अलीकडून, विहिरीच्या बाजूने घ्या. नमुना त्याच दिवशी तपासा, नाहीतर थंड जागी ठेवून दुसऱ्या दिवशी तरी.

त्या १३:०:४५ चा एक उपयोगही आहे. त्यातलं सगळं नत्र नायट्रेटच्या रूपात असतं. सोनाराच्या काट्यावर एक ग्रॅम तोलून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिलि घेऊन पुन्हा एक लिटर करा. या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ५८ ते ६० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. तुमचं मशीन ३५ दाखवत असेल तर पुडी जुनी झाली असेल किंवा हात आळशी.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. काही मशीन नायट्रेटचा आकडा दाखवतात, काही नायट्रेटमधल्या फक्त नत्राचा. दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा ४५ आहे ती नायट्रेटची. नत्राच्या मशीनवर तीच साधारण १० दिसते. एका बागायतदाराने १८ रीडिंग पाहून ‘४५ च्या आत आहे’ म्हणून वही मिटली होती. ते १८ नत्राचे होते, म्हणजे नायट्रेट जवळजवळ ८०. वहीत आकड्यापुढे ‘नायट्रेट’ की ‘नत्र’ हे प्रत्येक वेळी लिहा.

खताचा हिशेब मात्र सोपा आहे. एका एकराला ५ सेंमी पाण्याची एक पाळी म्हणजे साधारण दोन लाख लिटर. मोटर किती पाणी देते ते पाहायला २०० लिटरचा ड्रम भरायला लागणारे सेकंद मोजा. ४० सेकंदांत भरत असेल तर तासाला १८ हजार लिटर, म्हणजे दोन लाखांना अकरा तास. एवढ्या पाण्यातून किती युरियाइतकं नत्र जातं ते पाहायचं तर नायट्रेटच्या रीडिंगला दहाने भागा. रीडिंग ९० असेल तर पाळीमागे ९ किलो युरिया. अशा दहा पाळ्या दिल्या तर ९० किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्या. उन्हाळ कांद्याला एकरी नत्र लागतं सुमारे ४० किलो, आणि या दोन गोण्यांत तेवढंच आहे!

पण म्हणून युरिया पूर्ण बंद करू नका. पहिल्या पाळ्यांच्या वेळी मुळं इवलीशी असतात आणि बरंचसं नत्र खाली निघून जातं. मी स्वतः पाण्यातलं निम्मंच धरतो आणि तेवढा युरिया कमी करतो, तोही मुख्यतः शेवटच्या हप्त्यातून. कांद्याला नत्र लागणीनंतर दीड महिन्यात देऊन संपवायचं असतं, ते कांदा चाळीत (साठवणीत) टिकावा म्हणूनच. उशिरा नत्र मिळत राहिलं तर मान जाड राहते, माना वेळेवर पडत नाहीत, आणि तोच कांदा जून-जुलैत चाळीत सडतो किंवा मोड काढतो. असं पाणी असलेल्या विहिरीवर आपण खत थांबवलं तरी विहीर थांबत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी (आवर्तन) मिळत असेल तर ते पाणी कांदा पोसण्याच्या काळात वापरा आणि विहिरीचं पाणी सुरुवातीला. पाणी खाली गेलं की आकडा बदलतो, म्हणून फेब्रुवारीत शेवटच्या हप्त्याआधी पुन्हा एकदा मोजा.

पुडीतला धातू कॅडमियम असेल तर तो विषारी असतो, म्हणून वापरलेलं पाणी बांधावर किंवा उकिरड्यावर ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवून प्रयोगशाळेत द्या. जस्ताच्या पुड्या मिळत असतील तर त्याच घ्या.

त्याच विहिरीचं पाणी घरात जात असेल आणि नायट्रेट ४५ च्या वर आलं, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधासाठी ते अजिबात वापरू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने कमी होते, अंग निळसर पडतं. तुरटी किंवा टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) नायट्रेट जात नाही, आणि उकळलं तर पाणी आटून ते उलट वाढतं. ग्रामपंचायतीकडच्या जलजीवन मिशनच्या किटवर रंग डोळ्यांनी जुळवतात, त्यावर खताचा हिशेब होत नाही, पण प्यावं की नको याचा अंदाज येतो. पक्का आकडा हवा असेल तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, आणि त्याच बाटलीतलं थोडं पाणी आपल्या मशीनवरही लावून दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.