फोटोत लपवलेला मजकूर गायब व्हायचा, तो असा टिकवला

फोटोत दडवलेला निरोप पलीकडे पोचेपर्यंत नाहीसा व्हायचा. दोन दिवस मी पासवर्डच तपासत बसलो. कारण वेगळंच होतं. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्याचा शेवटचा बिट (० किंवा १ हा सर्वात छोटा अंक) बदलून मी मजकूर भरत होतो. १८० चा १८१ झाला तरी डोळ्याला कळत नाही. पण जेपेग या फोटो-फॉरमॅटचं कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करणं, नेमके हेच बारीक फरक पुसून टाकतं. मग काहीच न पुसणारं पीएनजी फॉरमॅट घेतलं आणि ॲपने पुन्हा कॉम्प्रेस करू नये म्हणून फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. अक्षर न् अक्षर परत मिळालं! १००० बाय १००० पिक्सेलच्या चित्रात तब्बल ३,७५,००० बाइट मावतात. तरी मी थोडंच भरतो, कारण जास्त भरलं की तपासणाऱ्याला सुगावा लागतो. आणि मजकूर आधी एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा करूनच घालतो.