तिबिलिसीत शिकताना रग्बीच्या मैदानावर: नव्याने येणाऱ्यांसाठी

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला, एमबीबीएसला येणाऱ्या आपल्या मुलांची पहिली दोन वर्षं हॉस्टेल, मेस आणि ॲनाटॉमी यांतच जातात. माझीही गेली. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत रूममेटने मला रग्बीच्या सामन्याला ओढून नेलं. शेजारचे आजोबा घसा ताणून 'लेलो, लेलो, साकार्तवेलो' असं ओरडत होते. साकार्तवेलो म्हणजे इथल्या भाषेत जॉर्जिया. लेलो म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं. बाकीचं जग त्याला ट्राय म्हणतं. हा शब्द लेलो बुर्ती या इथल्या जुन्या गावखेळातला. त्या दिवसापासून मी या खेळाला चिकटलो. स्पोर्ट्स मेडिसिनकडे वळायचं मनात असेल, तर पुढचं तुमच्या उपयोगी पडेल.

आधी इथली संघटना समजून घ्या. जेमतेम ३७ लाख वस्तीचा देश. १९५९ मध्ये जाक हास्पेकियान या आर्मेनियन वंशाच्या फ्रेंच माणसाने तिबिलिसीत पोरं गोळा करून रग्बी शिकवायला सुरुवात केली. १९६४ मध्ये संघटना उभी राहिली, पण सोव्हिएत छत्राखाली. देश म्हणून पहिला सामना १९८९ मध्ये कुताइसीत झिम्बाब्वेशी झाला, तो १६-३ असा जिंकला. १९९२ मध्ये जागतिक संघटनेचं सदस्यत्व मिळालं, तेव्हा देशात यादवी पेटलेली होती. त्या काळात जुन्या सोव्हिएत ट्रॅक्टरांपासून स्क्रमच्या (दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना रेटतात, त्या डावाच्या) सरावाची यंत्रं बनवल्याचं इथे अजून अभिमानाने सांगतात.

२००३ मध्ये जॉर्जियाच्या पहिल्याच विश्वचषकात इंग्लंडने ८४-६ असं लोळवलं. चारच वर्षांनी आयर्लंडला जिंकताना नाकी नऊ आले, १४-१०. मधल्या काळात मोठा आधार होता तो फ्रान्सच्या क्लबांमध्ये खेळणाऱ्या खेळाडूंचा, त्यातही स्क्रमच्या पुढच्या फळीतल्या दणकट गड्यांचा. कुस्ती इथल्या मातीतच आहे. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

पण बळ असलं तरी सामने लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. सिक्स नेशन्स ही युरोपातली वरची स्पर्धा इटली, वेल्स धरून सहा देशांपुरती बंद आहे. खालच्या युरोपीय स्पर्धेत वर्षानुवर्षं पहिलं आलं तरी वर जायची वाट नाही. २०२२ मध्ये बातुमीत इटलीला २८-१९ आणि कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२ असं हरवलं, तरी दार उघडलं नाही. म्हणून देशातच राहणाऱ्या खेळाडूंना वर्षभर तगडे सामने मिळावेत यासाठी २०२१ मध्ये 'ब्लॅक लायन' हा संघ काढला. २०२३-२४ पासून तो चॅलेंज कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा खेळतो. कार्डिफच्या विजयाचे फोटो सगळीकडे लावलेले दिसतात, पण माझ्या मते हा निर्णय त्याहून मोठा.

आता तुमचं काम. राष्ट्रीय संघाच्या मागे लागू नका, तिथे तुमची गरज नाही. जवळच्या क्लबात जा, लहान मुलांच्या सामन्यांना माणसं कायम कमी पडतात. जाण्याआधी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे प्रथमोपचार आणि कन्कशनचे (डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा धक्का) ऑनलाइन कोर्स करा, ते फुकट आहेत. जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरं आठवडाभरात येतात. खेळाडूंच्या याद्या वाचता आल्या की लोक तुम्हाला आपलं मानायला लागतात. तावी म्हणजे डोकं, मुखली म्हणजे गुडघा, 'ग्त्किवा?' म्हणजे दुखतंय का. एवढ्यावर मी पहिले दोन महिने काढले.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सोळा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता, मी बॅग घेऊन रेषेवर. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडताना, एका मुलाचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला, जर्सीवरचा चिखल झटकला आणि चालत जाऊन दुसऱ्याच संघाच्या रांगेत उभा राहिला. मला ते स्पष्ट दिसलं. प्रशिक्षक म्हणाले, काही नाही, ठीक आहे. आणि मी गप्प राहिलो. परदेशी विद्यार्थी, भाषा अर्धवट, कोण ऐकणार? अर्ध्या मिनिटाने रेफरीनेच त्याला बाहेर काढलं. या पातळीवर नियम साधा आहे: कन्कशनची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्याचा निर्णय रेषेवरच्या कुणाच्या धीटपणावर सोडायचा नसतो, म्हणून तो आधीच कागदावर लिहून ठेवायचा. संघटना कशासाठी असते ते मला त्या अर्ध्या मिनिटात कळलं. आता सामन्याआधी मी दोन्ही प्रशिक्षकांना भेटून हा नियम बोलून घेतो. तुम्हीही घ्या, अगदी मोडक्या जॉर्जियनमध्ये का होईना.

ईस्टरच्या सुट्टीत मात्र पश्चिम जॉर्जियातल्या गुरिया प्रांतात शुखुती गावी जाच. तिथे लेलो बुर्ती अजून खेळतात. सोळा किलोचा चेंडू आणि वरच्या-खालच्या शुखुतीची शेकडो माणसं. चेंडू आपल्या बाजूच्या ओढ्यापार न्यायचा. जिंकलेली बाजू नंतर तो चेंडू गावातल्या एखाद्या दिवंगताच्या कबरीवर नेऊन ठेवते. मी गेलो तेव्हा प्रथमोपचाराची बॅग बरोबर नेली होती. संध्याकाळपर्यंत तिच्यातलं सगळं बँडेज संपलं.