या चुका टाळा: स्नोमोबाईलच्या सस्पेन्शनची झिजलेली चाकं घरी बदलताना

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर धावणारी गाडी. तिच्या ट्रॅकच्या (फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) आत, मागच्या सस्पेन्शनला असलेली लहान चाकं बदलणं तसं अवघड नाही. सॉकेटचा संच, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच कसणारा पाना), पुलर (अडकलेला भाग ओढून काढणारं हत्यार), सर्कलिपची (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगी कडीची) पक्कड आणि एक मोकळा दिवस एवढं असलं की काम होतं. तरीही घरी बदललेली चाकं त्याच हंगामात पुन्हा खडखडायला लागतात. अशा वेळी नव्या चाकात खोट असणं क्वचितच. जुनं चाक ज्या कारणाने गेलं ते कारण तसंच राहिलेलं असतं, नाहीतर बसवताना बेअरिंगला मार लागलेला असतो.

जुनं चाक न वाचताच फेकून देणं

चाक काढलं की आधी ते नीट बघा. रबर सगळीकडे सारखं झिजलं असेल तर ते वयानेच झिजलंय. एकाच जागी सपाट झालं असेल, तर रात्री बर्फाने चाक गोठून अडकलं होतं आणि सकाळी ट्रॅक त्याच्यावरून घासत गेला. अशा गाडीत नवं चाकही सपाट होईल. प्रवास संपल्यावर ट्रॅकमधला बर्फ झाडून टाकायची सवय लागली तरच ते थांबेल. झीज एकाच कडेला असेल तर ट्रॅक एका बाजूला ओढतोय किंवा ॲक्सल (चाकाचा दांडा) वाकलाय. रबराचे तुकडे कापल्यासारखे निघाले असतील, तर ट्रॅकच्या आतल्या लोखंडी क्लिपा एकेक करून तपासा. वाकलेली एक क्लिप दर फेऱ्याला चाक कापत राहते.

रबर आणि हब (चाकाचा मधला भाग) चांगलं आहे, फक्त फिरवताना खरखर लागते, असं असेल तर नवं चाक घेऊ नका, बेअरिंग बदला. मात्र बेअरिंगची बाहेरची कडी हबमध्ये सैल होऊन फिरायला लागली असेल, तर ते हब संपलं. तिथे चिकट द्रव लावून वेळ मारून नेणं मला अजिबात पटत नाही.

प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्यांकडे दुर्लक्ष

१९५९ मध्ये कॅनडातल्या केबेकमध्ये जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी बाजारात आणलेल्या स्की-डू या स्नोमोबाईलपासून सुरुवातीच्या अनेक गाड्यांत ट्रॅकवरचा भार फक्त चाकांवर असे. रूळ (ट्रॅकच्या आत लांबीने बसवलेले धातूचे दांडे) आणि घसरपट्ट्यांचं सस्पेन्शन नंतर रुळलं. आजच्या गाड्यांत चाकं आणि रुळांखालच्या प्लॅस्टिक पट्ट्या भार वाटून घेतात. पट्टी पार झिजली की सगळा भार चाकांवर येतो. उलट चाक झिजलं की पट्टी जास्त दाबली जाऊन तापते. या पट्ट्यांना गारवा आणि ओलावा सुट्या बर्फातून मिळतो, त्यामुळे कडक, कोरड्या बर्फावर त्या भराभर वितळतात. म्हणून चाकं काढलेली असतानाच पट्टीची जाडी मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

अंदाजाने माप ठरवणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. झिजलेल्या चाकाचा व्यास मोजून नवं मागवलं तर ते लहानच येणार. हबवर कोरलेला क्रमांक शोधा, किंवा त्याच ॲक्सलवरचं न झिजलेलं चाक मोजा. ५.६३ इंच (सुमारे १४३ मिमी), ६.३८ इंच (१६२ मिमी) आणि ७.१२ इंच (१८१ मिमी) ही नेहमी दिसणारी मापं आहेत, पण एकाच गाडीत दोन-तीन मापं असू शकतात. एका ॲक्सलवर एक चाक जुनं आणि दुसरं नवं ठेवलं की भार तिरका पडतो. चाकं जोडीनेच बदला.

व्यास बरोबर आला तरी भोक चुकतं. ६००४ क्रमांकाच्या बेअरिंगचं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४२ मिमी आणि जाडी १२ मिमी असते. ६२०५ चं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ मिमी आणि जाडी १५ मिमी. आता पाऊण इंची ॲक्सल म्हणजे १९.०५ मिमी. त्यावर २० मिमीचं बेअरिंग हाताने अगदी सहज सरकतं आणि 'छान बसलं' असं वाटतं. प्रत्यक्षात जवळजवळ एक मिलिमीटरचा खेळ राहिलेला असतो आणि तेवढा खेळ ॲक्सल खाऊन टाकायला पुरेसा असतो. कॅलिपरने ॲक्सल मोजल्याशिवाय काही मागवू नका. बेअरिंग घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे टू-आरएस, घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग बर्फाच्या पाण्यात टिकत नाही.

घाईने उचलणं आणि सोडवणं

गाडीची मागची बाजू भक्कम स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. किल्ली काढून ठेवा. रुळांच्या बाहेरची चाकं बहुतेक गाड्यांत सस्पेन्शन जागेवर ठेवूनच निघतात. आतल्या चाकांसाठी मात्र अख्खा सांगाडा खाली घ्यावा लागतो. तेव्हा मोठ्या स्प्रिंगांचा ताण आधी उतरवा, तोही त्यासाठीच्या हत्याराने. स्क्रूड्रायव्हर घालून सोडवलेला स्प्रिंगचा पाय निसटला तर बोट मोडू शकतं.

मागचा ॲक्सल ढिला करण्याआधी दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टर बोल्टचे (ट्रॅकची खेच कमी-जास्त करणाऱ्या बोल्टचे) किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा. प्रत्येक वॉशर आणि स्पेसरचा (भागांमध्ये अंतर राखणाऱ्या नळीचा) फोटो काढा. चाकाचं तोंड कुठल्या बाजूला होतं तेही टिपा, कारण काही हबमध्ये बेअरिंग मधोमध नसतं.

जाम चाकावर हातोडी

पोलादी बेअरिंग आणि ॲल्युमिनियमचा ॲक्सल ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात. अशा चाकाला मागून ठोकलं की हब फुटतं आणि बेअरिंगची आतली कडी ॲक्सलवर तशीच राहते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा, मग पुलर लावा; त्याची पकड जमेल तितकी आतल्या कडीजवळ हवी. ज्योत वापरू नका, आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक आणि रबरच आहे.

बेअरिंग चुकीच्या कडीवर ठोकणं

एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मे त्रास टळतील असं मला ठामपणे वाटतं. नवं बेअरिंग हबमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर पडला पाहिजे. आतल्या कडीवर मारलेला प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर खड्डे पाडतो. हे खड्डे दिसत नाहीत, चाक हाताने गुळगुळीत फिरतं, आणि पुढच्या लांब फेरीत बेअरिंग किरकिरायला लागतं. बाहेरच्या कडीच्या मापाचं सॉकेट किंवा जुनं बेअरिंग मध्ये धरून शिकंजात हळूहळू दाबा. हबला खालून आधार धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या भागाला द्या, रबराला नाही. बेअरिंग आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि हब गरम पाण्यात बुडवून पुसून घेतलं तर जोर बराच कमी लागतो.

काढताना सर्कलिप आधी काढा. बसवल्यावर ती खाचेत पूर्ण उतरली आहे का, ते तिला गोल फिरवून बघा. खाचेत जुना गंज किंवा माती असेल तर ती अर्धवट बसते आणि उसळून बाहेर पडते.

ॲक्सलवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी पुलर लागणार नाही. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस नको: तिथे पुस्तिकेत सांगितलं असेल तर मध्यम ताकदीचं थ्रेड लॉकर (बोल्ट सुटू न देणारा चिकट द्रव) लावा आणि दिलेल्या टॉर्कलाच कसा.

बसवल्यानंतरच्या खुणा

बोल्ट कसल्यावर चाक जड फिरायला लागलं, तर एखादा स्पेसर राहिला आहे किंवा वॉशर चुकीच्या बाजूला गेला आहे. बोल्ट थोडा ढिला ठेवून चाक मोकळं करणं हा उपाय नाही. सोडवा आणि फोटोशी जुळवा.

ट्रॅकची खेच डोळ्यांनी ठरत नाही. पुस्तिकेत सांगितलेलं वजन मधोमध लटकवून ट्रॅक किती खाली येतो ते मोजा. फार घट्ट ट्रॅक चाकं, पट्ट्या आणि बेअरिंग तिन्ही खातो. फार सैल ट्रॅक जोर लावताना त्याला फिरवणाऱ्या पुढच्या चाकाच्या दात्यांवरून उडी मारतो आणि धडधड आवाज येतो, जो पुष्कळदा नव्या चाकाच्या नावावर खपतो.

मग गाडीची मागची बाजू उचलून धरणाऱ्या स्टँडवर ट्रॅक हळू फिरवा. मागे कोणीही उभं राहू नये, ट्रॅकमधून दगड किंवा खिळा गोळीसारखा सुटतो. इंजिन बंद करून ट्रॅक आपोआप थांबला की ट्रॅकचे आतले दाते आणि घसरपट्टी यांमधलं अंतर दोन्ही बाजूंना बघा. ज्या बाजूला अंतर कमी, त्या बाजूचा ॲडजस्टर थोडा घट्ट करा आणि पुन्हा फिरवा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको.

पहिली छोटी फेरी मारून आल्यावर इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ते उघडायला हवं. सगळी सारखी कोमट असतील तर सगळ्या बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा आणि ट्रॅकची खेच परत मोजा, कारण नवे भाग बसल्यावर ती थोडी बदलते. पुढे गाडी धुताना जोराच्या पाण्याची धार बेअरिंगच्या सीलवर सरळ मारू नका. पाणी आत शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं.