टर्बो गाडीत ऑइल टाकताना नुसता ग्रेड बघू नका

बरेच जण दुकानात जाऊन ५डब्ल्यू-३० द्या म्हणतात आणि मिळेल तो डबा घेऊन येतात, पण तो आकडा फक्त ऑइल किती पातळ-जाड आहे एवढंच सांगतो (डब्ल्यू म्हणजे विंटर, थंड इंजिनात ते कसं वाहतं ते, आणि पुढचा आकडा १०० डिग्रीला किती जाड राहतं त्याचा). खरी गोष्ट डब्याच्या मागे बारीक अक्षरात असते. मॅन्युअलमध्ये बीएमडब्ल्यू एलएल-०१, मर्सिडीज २२९.५, पोर्शे ए४० असं जे अप्रूव्हल (गाडीच्या कंपनीने ऑइलला दिलेल्या मंजुरीचा कोड) लिहिलंय तेच डब्यावर शोधा. छोटं टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) पेट्रोल इंजिन असेल तर डब्यावर एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ऑइलचा दर्जा) बघा, हे २०२० मध्ये आलं, कारण कमी आरपीएमला जास्त लोड पडला की अशा इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो, त्यापासून हे ऑइल वाचवतं.

आणि जाड ऑइल म्हणजे जास्त सेफ हे डोक्यातून काढाच! जुन्या बीएमडब्ल्यू ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० लागतं कारण ते इंजिनच तसं बनवलंय, तुमच्या ०डब्ल्यू-२० वाल्या गाडीत ते ओतू नका. डबा सीलबंद घ्या, बिल ठेवा, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) मॅक्सच्या खुणेच्या वर भरू नका.