भरीत पार्टीतला हॅलोजन पिवळा का पडतो? व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम, वॅट काढायची रीत

डिसेंबर लागला की जळगावकडे मळ्यामळ्यात भरीत पार्ट्या सुरू होतात. तुराट्यांवर वांगी भाजायची आणि उजेडासाठी बांबूला हॅलोजन टांगायचे. मागच्या पार्टीत आमचे पाचशे-पाचशे वॅटचे दोन हॅलोजन पिवळेच पडले. सगळ्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या, पण दिव्यांत खोट नव्हती. कागदावर दोन ओळींचं गणित मांडलं आणि चोर सापडला.

सूत्रं शाळेतलीच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर मिळते, वॅटमध्ये.

आधी मोजमाप. दिवे चालू ठेवूनच व्होल्टेज मोजा. लोड नसताना मीटर फसवं, भरघोस आकडा दाखवतो. करंटसाठी टाँग टेस्टर घ्या, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर. त्याच्या जबड्यात एकच वायर धरायची, फेज किंवा न्यूट्रल. दोन्ही एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. ही चूक मीही केली आहे, तीही चारचौघांत. वायरची साल मात्र काढायची नाही. हात आणि पायाखालची जमीन कोरडी हवी. मळ्यात हे सांगावं लागतं, कारण शेजारीच केळीला पाणी चालू असतं.

आमचे आकडे असे: खोलीतल्या बोर्डावर २२५ व्होल्ट, दिव्यांजवळ २११, करंट ४ अँपिअर.

दिव्यांची पॉवर २११ × ४ = ८४४ वॅट. हजाराचे दिवे, त्यातले दीडशेहून जास्त वॅट गायब. दोन्ही दिव्यांचा मिळून रोध २११ ÷ ४, म्हणजे जवळपास ५३ ओहम. हजार वॅटला २३० व्होल्टवर एवढाच यायला हवा, म्हणजे दिवे ठणठणीत.

आता मधले १४ व्होल्ट. ते वायरने खाल्ले. वायरचा रोध १४ ÷ ४ = ३.५ ओहम, आणि तिच्यात नुसती उष्णता होऊन गेलेली पॉवर १४ × ४ = ५६ वॅट. ताळा करून बघा: ८४४ आणि ५६ मिळून ९००, आणि बोर्डावरचे २२५ × ४ सुद्धा ९००च. शंभरेक मीटर लांब, एक स्क्वेअरची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची) बारीक वायर ओढली की असंच होणार. अडीच स्क्वेअरची टाकली तर रोध १.४ ओहमवर येतो आणि दिव्यांना २१९ व्होल्ट मिळतात. बाकीचे व्होल्ट लाइनमधूनच कमी येतात. रब्बीचे पंप चालू असताना त्याला इलाज नाही.

हेच गणित विहिरीवरच्या मोटरला लावू नका. सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेत असली तरी १६१० हे तिचे वॅट नव्हेत, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरोखर पॉवर म्हणून वापरला जाणारा हिस्सा, मध्ये येतो. तो ०.८ धरला तर साधारण १२९० वॅट. आणि २३० ÷ ७ म्हणजे वाइंडिंगचा रोधही नव्हे. तो मल्टीमीटरने, मेन स्विच बंद करून, मोटरच्या वायरी सोडून मोजायचा. आकडा बराच कमी येतो.

पॉवर फॅक्टर माहीत नसेल तर बाकी सगळं बंद करून डिजिटल वीजमीटरचा लाल दिवा मोजा. मीटरवर युनिटला ३२०० इम्पल्स लिहिलं असेल आणि दिवा मिनिटात ६९ वेळा लुकलुकला, तर ६९ × ६० ÷ ३२०० = सुमारे १.२९ किलोवॅट.